टॅमनी हॉलमधील सत्तांतर

राजकीय पक्षाचा इतिहास सांगायचा म्हटला की वक्ता राजधानीपासून आरंभ करतो. कोणी अध्यक्ष झाला, कोणी मंत्रिमंडळ सोडले, कोठे अधिवेशन भरले, हे सांगता सांगता तास संपतो, आणि जिल्हा समितीच्या कचेरीतील मोडक्या बाकावर बसून मतदारांच्या याद्या उतरवून काढणारा मनुष्य त्या इतिहासात कोठेच येत नाही. आज आम्ही ज्या पक्षाची हकीगत सांगणार आहोत तो एका जिल्ह्याचा पक्ष आहे. जिल्हा आकाराने अगदी लहान, सुमारे २३ चौरस मैलांचा. आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या कोपऱ्यात मावून जाईल. त्याचे नाव न्यूयॉर्क काउंटी. आपण ज्याला मॅनहॅटन म्हणतो तोच हा भाग. न्यूयॉर्क शहर पाच काउंट्यांचे मिळून झालेले आहे आणि प्रत्येक काउंटीत पक्षाची वेगळी समिती, वेगळा नेता, वेगळा संसार असतो. मॅनहॅटनमधील डेमोक्रॅटिक पक्षाच्या संसाराला दीडशे वर्षांहून अधिक काळ लोक एकाच नावाने ओळखत असत : टॅमनी हॉल.

हे नाव मोठे गमतीचे आहे. टॅमनी सोसायटीची स्थापना १७८९ मध्ये, वॉशिंग्टन अध्यक्ष झाले त्याच वर्षी, एक स्नेहमंडळ म्हणून झाली. मंडळींनी टॅमनेंड नावाच्या एका मूळ अमेरिकन सरदाराला आपला कुलपुरुष मानले, पदाधिकाऱ्यांना त्या लोकांच्या भाषेतील ‘सॅचेम’ ही पदवी दिली आणि आपल्या सभागृहाला ‘विगवॅम’, म्हणजे झोपडी म्हणू लागले. ज्यांची जमीन बळकावली त्यांच्याच नावाने मंडळ काढण्याचा हा प्रकार जगात नवा नाही. असो. स्नेहमंडळाचा राजकीय पक्ष कधी झाला हे मंडळींच्याही ध्यानात आले नसेल. आयर्लंडमधून दुष्काळाने हाकललेले हजारो लोक एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरू लागले तेव्हा त्यांना भेटणारा पहिला ओळखीचा माणूस बहुधा टॅमनीचा असे. तो त्यांना खोली पाहून देई, काम मिळवून देई, नागरिकत्वाचे कागद करून देई. त्या बदल्यात मागे ते एक मत.

ह्या संस्थेचा सर्वांत कुप्रसिद्ध धनी विल्यम ट्वीड. काउंटीच्या कोर्टाची इमारत बांधताना ह्याने आणि ह्याच्या सोबत्यांनी खर्च एक कोटी डॉलरांच्या वर नेऊन ठेवला. १८७१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने हिशेब छापले, थॉमस नास्टने व्यंगचित्रांतून ट्वीडचे पोट आणि पैशाची थैली घरोघर पोचवली, आणि ट्वीड तुरुंगात गेला. १८७५ मध्ये तो पळाला. आपल्याकडे न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेच हे साल. स्पेनमध्ये तो पकडला गेला तो नास्टच्या चित्रावरून ओळख पटल्यामुळे. १८७८ मध्ये तो तुरुंगातच वारला. टॅमनीवरील बहुतेक व्याख्याने येथेच संपतात आणि श्रोते समाधानाने घरी जातात. आम्हांला मात्र ट्वीडचे विशेष वाटत नाही. चोर पकडला गेला, एवढीच ती गोष्ट. खरा प्रश्न असा आहे की चोर गेल्यावरही घर कसे उभे राहिले? ट्वीडनंतर केली आला, केलीनंतर क्रोकर, क्रोकरनंतर १९०२ पासून १९२४ पर्यंत चार्ल्स मर्फी. पन्नास वर्षांत न्यूयॉर्कने कितीदा तरी सुधारकांना निवडून दिले आणि दर वेळी पुढच्या निवडणुकीला टॅमनी परत आली.

ती का परत येई हे समजायचे असेल तर पक्षाची रचना थोडी तपशिलात पाहिली पाहिजे. सर्वांत खाली मतदान-भाग, म्हणजे काही शे मतदारांची एक-दोन गल्ल्यांची वस्ती. त्या भागात पक्षाचा एक माणूस, त्याला कॅप्टन म्हणत. अशा अनेक भागांचा मिळून विधानसभेचा एक मतदारसंघ, त्यावर विभागनेता आणि पुढे त्याच्या जोडीला एक स्त्री-नेता. सर्व विभागनेत्यांची मिळून कार्यकारिणी, आणि ही कार्यकारिणी आपल्यातूनच काउंटीचा नेता निवडी. कागदावर हजारो सभासदांची एक काउंटी समिती असे, प्रत्येक मतदान-भागातून निदान दोघे. पण तिचे काम दोन वर्षांतून एकदा हात वर करण्यापलीकडे सहसा जात नसे. सारा जीव कॅप्टनमध्ये होता. कोणाच्या घरी कोळसा नाही, कोणाचा मुलगा चौकीवर अडकला आहे, कोणाची म्हातारी कधी वारली आणि तिच्या अंत्ययात्रेला कोण कोण आले, हे त्याला ठाऊक. जॉर्ज वॉशिंग्टन प्लंकिट नावाचा एक विभागनेता काउंटी कोर्टातील बूटपॉलिशवाल्याच्या खुर्चीवर बसून राजकारणावर प्रवचने देत असे. ती रायर्डन नावाच्या बातमीदाराने १९०५ मध्ये पुस्तकरूपाने छापली. लाच खाणे निराळे आणि संधी साधून प्रामाणिकपणे पैसा करणे निराळे, असा प्लंकिटचा सिद्धान्त होता. वाचताना हसू येते. परंतु गल्लीत आग लागल्यास बंबाच्या मागोमाग आपण पोचतो आणि उघड्यावर पडलेल्या कुटुंबाला त्याच रात्री निवारा व कपडे देतो, चौकशी समित्या नेमत बसत नाही, असेही तो सांगतो, आणि तेथे हसू थांबते.

मर्फीच्या काळात ह्या यंत्राने काही भले कामही केले. १९११ च्या मार्चमध्ये वॉशिंग्टन चौकाजवळच्या ट्रँगल शर्ट कारखान्याला आग लागून १४६ माणसे मेली, त्यांत बहुतेक तरुण मुली. त्यानंतरच्या चौकशी आयोगाचे धुरीण होते अल् स्मिथ आणि रॉबर्ट वॅग्नर, दोघेही टॅमनीचे. आणि मजुरांच्या संरक्षणाचे जे कायदे न्यूयॉर्क राज्यात झाले त्यांच्या मागे मर्फीचा होकार होता. त्याच मर्फीने १९१३ च्या शरदात, आपले न ऐकणाऱ्या सल्झर नावाच्या गव्हर्नराला महाभियोग चालवून घरी पाठवले. बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले ते ह्याच वर्षीच्या उन्हाळ्यात. म्हणजे अमेरिकन लोकशाहीची पहिली ओळख त्यांना झाली ती टॅमनीच्या काउंटीत, आणि तीही टॅमनीची वर्तमानपत्रांतून रोज शोभा होत असताना.

पुढे दिवस पालटले. १९२४ च्या कायद्याने परदेशातून येणाऱ्यांचा ओघ आटवला. नगरपती जिमी वॉकरला १९३२ मध्ये राजीनामा द्यावा लागला. त्यानंतर ला गार्डिया बारा वर्षे नगरपती राहिले आणि त्यांनी नोकऱ्या परीक्षांवर नेल्या. फ्रँकलिन रूझवेल्टच्या राजवटीत बेकारभत्ता आणि मदत सरकारी खिडकीतून मिळू लागली; कॅप्टनच्या कोळशाची किंमत उतरली. १९४३ मध्ये टॅमनीला युनियन चौकातील आपली नवी इमारतही विकावी लागली. ती घेतली शिवणकामगारांच्या संघटनेने. दैव कधीकधी नेमका ग्राहक आणून उभा करते.

अशा पडत्या काळात १९४९ मध्ये कार्माइन डिसापिओ हा काउंटीचा नेता झाला. आमच्या कथेचा नायक म्हणा, खलनायक म्हणा, तो हा. जन्म १९०८, ग्रिनिच व्हिलेजमधील इटालियन वस्तीत. टॅमनीवर चाललेली आयरिश मंडळींची पिढ्यान्पिढ्यांची मक्तेदारी मोडून वर आलेला हा पहिला इटालियन वंशाचा नेता. डोळ्यांच्या विकारामुळे तो सदैव काळसर चष्मा घाली, आणि व्यंगचित्रकारांना आणखी काय हवे? चष्म्याने त्याचे जितके नुकसान केले तितके त्याच्या विरोधकांच्या भाषणांनीही केले नसेल. वास्तविक हा मनुष्य शांत, मृदुभाषी होता. त्याने १९५३ मध्ये धाकट्या वॅग्नरला नगरपती केले, १९५४ मध्ये हॅरिमनला गव्हर्नर केले, स्वतः राज्याचा सेक्रेटरी ऑफ स्टेट झाला. अठराव्या वर्षी मताधिकार द्यावा असे तो म्हणे. आणि टॅमनीचे नाव धुऊन काढण्यासाठी त्याने एक सुधारणा पुढे रेटली. विभागनेता आजवर समितीचे सभासद बंद खोलीत निवडत, तो ह्यापुढे त्या विभागातील पक्षाच्या नोंदलेल्या मतदारांनीच थेट निवडावा. आपली निवड कोण अडवणार, असा त्याचा हिशेब असावा.

नेमक्या ह्याच दारातून पुढे त्याचे विरोधक आत आले.

हे विरोधक कोण? १९५२ आणि १९५६ च्या अध्यक्षीय निवडणुकांत अ‍ॅड्लाय स्टीव्हन्सनसाठी राबलेली तरुण मंडळी. वकील, शिक्षक, छापखान्यांत आणि प्रकाशनसंस्थांत काम करणारी, महायुद्धातून परतून सरकारी शिष्यवृत्तीवर शिकलेली. स्टीव्हन्सन दोन्ही वेळा हरले, पण ह्या मंडळींना सभांची, पत्रकांची, दारोदार फिरण्याची गोडी लागली होती. निवडणूक संपल्यावर ती स्थानिक पक्षाच्या क्लबात गेली तर तेथे पत्त्यांचा डाव चाललेला, आणि नव्या माणसाकडे ‘हा का आला?’ अशा नजरेने पाहणारे जुने कार्यकर्ते. लेक्सिंग्टन डेमोक्रॅटिक क्लब नावाचा निराळा क्लब १९४९ मध्येच निघाला होता. त्याच वाटेने १९५६ च्या निवडणुकीनंतर ग्रिनिच व्हिलेजमध्ये ‘व्हिलेज इंडिपेंडंट डेमोक्रॅट्स’ हा क्लब निघाला, म्हणजे खुद्द डिसापिओच्या अंगणात. त्याच्या स्वतःच्या क्लबाचे नाव टमावा. दोन क्लबांमधला मोठा भेद असा की नव्या क्लबात वर्गणी भरणारा प्रत्येक सभासद मत देई. उमेदवार कोण, ठराव कोणता, चहाला पैसे किती, सर्वच मतास टाकले जाई. बैठका मध्यरात्रीपर्यंत चालत. १९२० च्या नागपूर काँग्रेसनंतर चार आण्यांचे सभासद तालुक्यातालुक्यांतून नोंदले गेले तेव्हा आपल्याकडील जुन्या वकीलमंडळींना जो धक्का बसला, त्याची येथे आठवण व्हावी; फरक एवढाच की तेथे आमचे चार आण्यांचे सभासद शेतकरी होते आणि येथे नवागत होते ते वकीलच.

परंतु बंडाचा मान केवळ ह्या सुशिक्षितांना देणे अन्यायाचे होईल. १९५८ मध्ये हार्लेममधील कृष्णवर्णीयांचे काँग्रेस-सदस्य अ‍ॅडम क्लेटन पॉवेल ह्यांना टॅमनीने उमेदवारी नाकारली. आदल्या अध्यक्षीय निवडणुकीत त्यांनी पक्ष सोडून आयसेनहॉवरला पाठिंबा दिला होता. शिस्तीचा प्रश्न म्हणून पाहिले तर टॅमनीची बाजू अगदीच चूक नव्हती. पण आपला प्रतिनिधी कोण हे खाली शहरात बसलेल्यांनी ठरवावे, हे हार्लेमला मुळीच मानवले नाही. पक्षांतर्गत निवडणुकीत, जिला तिकडे प्रायमरी म्हणतात, पॉवेलनी टॅमनीच्या उमेदवाराला धूळ चारली. त्यांच्या मोहिमेची सूत्रे जे. रेमंड जोन्स ह्यांच्या हाती होती. हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

त्याच साली बफेलो येथे राज्याचे अधिवेशन भरले आणि डिसापिओने आयुष्यातील मोठी चूक केली. सिनेटसाठी गव्हर्नर हॅरिमनच्या मनात एक उमेदवार, सुधारकांच्या मनात थॉमस फिनलेटर, आणि डिसापिओने आपल्या मतांच्या जोरावर तिसराच, फ्रँक होगन, पुढे केला. होगन हे नावाजलेले आणि स्वच्छ सरकारी वकील होते, तेव्हा उमेदवार वाईट होता असे कोणी म्हणू शकले नाही. पण प्रतिनिधींसमोर गव्हर्नराचेच काही चालत नाही, हे साऱ्या राज्याने उघड्या डोळ्यांनी पाहिले. नोव्हेंबरात होगन पडले. हॅरिमन तर रॉकफेलरकडून पाच लाखांहून अधिक मतांनी हरले. १९५९ च्या जानेवारीत एलिनॉर रूझवेल्ट, माजी गव्हर्नर व सिनेटर हर्बर्ट लेहमन आणि फिनलेटर ह्यांनी बंडखोर क्लबांच्या पाठीशी उभी राहणारी समिती स्थापली. एलिनॉरबाईंच्या मुलाची गव्हर्नरपदाची उमेदवारी १९५४ मध्ये डिसापिओनेच हुकवली होती, त्याची सल बाईंच्या मनात होती असे त्या वेळीही बोलले जाई. असेलही. राजकारणात तत्त्व आणि सल हातात हात घालून चालतात. तेवढ्याने तत्त्व खोटे ठरत नाही.

येथे एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. ग्रिनिच व्हिलेजच्या मधोमध वॉशिंग्टन चौकाची बाग आहे. तिच्यातून मोटारींचा रस्ता काढण्याचा शहराचे बलाढ्य बांधकामप्रमुख रॉबर्ट मोझेस ह्यांचा बेत होता. मुलांच्या गाड्या ढकलणाऱ्या आया सह्यांची पत्रके घेऊन उभ्या राहिल्या. शर्ली हेज, जेन जेकब्ज ह्या बायकांनी वर्षानुवर्षे ते प्रकरण लावून धरले. १९५८ मध्ये डिसापिओ स्वतः नगरमंडळापुढे बागेच्या बाजूने उभा राहिला आणि बाग मोटारींना बंद झाली. म्हणजे काम त्याने केले. तरी ती मते त्याला मिळाली नाहीत. बायकांनी ओळखले की नेता आपल्यामागे आला तो आपण मोजून सह्या दाखवल्या म्हणून; आणि ज्याला एकदा ही गणती कळली त्याला नेत्याच्या कृपेचे ओझे वाटेनासे होते.

१९५७ मध्ये नव्या क्लबाने डिसापिओविरुद्ध विभागनेतेपदाची निवडणूक लढवली आणि हरला. १९५९ मध्ये पुन्हा लढवली, पुन्हा हरला, पण अंतर पुष्कळ कमी झाले होते. मधल्या काळात ह्या मंडळींनी जे केले ते वक्तृत्वाचे काम नव्हे. मतदारयाद्या घेऊन पाच-पाच जिने चढणे, दार उघडणाऱ्याला पक्षात नाव नोंदले आहे का हे विचारणे, नसेल तर नोंदवून घेणे, भाडेनियंत्रणाच्या कज्ज्यात सल्ला देणे. थोडक्यात, ते कॅप्टनचेच जुने काम शिकले. टॅमनीचे कॅप्टन मात्र तोवर म्हातारे झाले होते, आणि नव्याने उभ्या राहिलेल्या मोठ्या इमारतींत त्यांना कोणी ओळखत नव्हते.

१९६१ मध्ये वॅग्नरनी वारा ओळखला. ज्याने आपल्याला नगरपती केले त्याच्याशीच त्यांनी फारकत घेतली आणि ‘पुढाऱ्यांच्या मुठीविरुद्ध’ म्हणून तिसऱ्यांदा उभे राहिले. आठ वर्षे त्याच मुठीत काढलेल्या माणसाने हे म्हणावे, ह्याला धैर्य म्हणावे की निगरगट्टपणा, हे आम्हांला अजून ठरवता आलेले नाही. काउंटीच्या नेत्यांनी आर्थर लेव्हिट ह्यांना उमेदवार केले. ७ सप्टेंबरच्या प्रायमरीत वॅग्नर जिंकले, आणि त्याच दिवशी, त्याच मतपेट्यांतून, व्हिलेजमध्ये जेम्स लॅनिगनने डिसापिओचा पराभव केला. ऐंशी उलटलेले लेहमन आणि शहात्तर वर्षांच्या एलिनॉरबाई त्या मोहिमेत भाषणे देत फिरल्या होत्या. पद गेले ते एका छोट्या विभागाचे. परंतु विभागनेता नाही म्हणजे कार्यकारिणीत जागा नाही, आणि कार्यकारिणीत नाही तो काउंटीचा नेता राहू शकत नाही. गव्हर्नर घडवणारा मनुष्य काही हजार शेजाऱ्यांच्या मतांनी एका दिवसात घरी बसला.

डिसापिओने हार मानली नाही. १९६३ मध्ये तो त्याच पदासाठी पुन्हा उभा राहिला. समोर एड कॉच नावाचा तरुण वकील. कॉच ४१ मतांनी जिंकला. एक्केचाळीस! एका चाळीतील माणसे पावसामुळे घराबाहेर पडली नसती तर उलट झाले असते. प्रकरण न्यायालयात जाऊन १९६४ मध्ये फेरनिवडणूक झाली, तीतही कॉच. १९६५ मध्येही कॉच. दरम्यान काउंटीचे नेतेपद एडवर्ड कॉस्टिक्यान ह्यांच्याकडे आणि १९६४ अखेर त्याच जे. रेमंड जोन्सकडे गेले. टॅमनीच्या गादीवर बसलेला हा पहिला कृष्णवर्णीय नेता. सुधारक क्लबांत इतकी भाषणे होऊनही हे घडले ते त्यांच्या आग्रहाने नव्हे. वॅग्नरना अडचणीच्या वेळी साथ देणाऱ्या हार्लेमच्या कसलेल्या मुत्सद्द्याने आपला हक्क वसूल केला.

सुधारकांचे कोठे चुकले हेही सांगितले पाहिजे. मध्यरात्रीपर्यंत चालणाऱ्या बैठकीला पहाटे धक्क्यावर जाणारा हमाल बसू शकत नाही. दक्षिण व्हिलेजच्या इटालियन म्हातारीला ठरावांत रस नव्हता. तिला डिसापिओचा माणूस दवाखान्यात सोबत येई हे आठवत होते, आणि ती अखेरपर्यंत डिसापिओलाच मत देत राहिली. सर्वांना दार उघडे ठेवले म्हणजे सर्व आत येतात, अशी नव्या मंडळींची समजूत होती. ज्यांना फुरसत आणि बोलण्याची सवय होती तेवढेच आले. शिवाय नोकऱ्या वाटायच्या नाहीत असे ठरवल्यावर पत्रके वाटायला माणूस कोणत्या आशेने यायचा? उत्साहाने येतो हे खरे, पण उत्साह निवडणुकीच्या वर्षी येतो आणि कोळसा दर हिवाळ्याला लागतो.

पुढची हकीगत थोडक्यात. डिसापिओ १९६९ मध्ये लाचप्रकरणातील कटात दोषी ठरला, तुरुंगवास भोगून आला आणि २००४ मध्ये ९५ व्या वर्षी वारला. कॉच १९६८ मध्ये काँग्रेसवर निवडून गेले. १९७७ मध्ये नगरपतिपदाच्या लढतीत, टॅमनीचा धनी पाडणाऱ्या ह्याच कॉचनी ब्रुकलिनच्या काउंटी-नेत्याचे साहाय्य घेतले आणि ते गाजावाजा न करता घेतले. १९८६ मध्ये वाहनदंडाच्या खात्यातील लाचखोरी उघडकीस आली तेव्हा क्वीन्सच्या नेत्याने आत्महत्या केली आणि ब्राँक्सचा नेता शिक्षेस पात्र ठरला. कॉचवर स्वतःवर पैशाचा आरोप आला नाही. पण १९६३ मध्ये त्यांच्यासाठी जिने चढलेल्या माणसांना त्या वर्षी वर्तमानपत्र उघडताना काय वाटले असेल?

ह्या सगळ्यांत काउंटी समिती होती तेथेच राहिली. ब्रुकलिनमध्ये २००८ मध्ये, ओबामांच्या निवडणुकीत राबलेल्या तरुणांनी स्थानिक पक्षाकडे वळून पाहिले तेव्हा त्यांना समितीच्या शेकडो जागा रिकाम्या आढळल्या, आणि त्यांनीही एक नवा क्लब काढला. तेथील बलाढ्य नेत्याला २०१२ मध्ये पद सोडावे लागले, ते मात्र वेगळ्याच लांच्छनास्पद कारणाने. समितीच्या जागेसाठी उभे राहायला त्या मतदान-भागातील पक्षाच्या नोंदलेल्या मतदारांपैकी शेकडा ५ जणांच्या सह्या लागतात. बहुतेक ठिकाणी हा आकडा काही डझनांपलीकडे जात नाही. एका मोठ्या इमारतीत, जेवणवेळेनंतर दोन संध्याकाळ फिरले तर तेवढ्या सह्या होतात.